मारामारी टायब्रेकरवर, घोळ सीडिंगमध्ये

२८ सप्टेंबर २०२५ ला न्यूयॉर्कची बेसबॉल टीम मेट्स मायामीत ४-० ने हरली, त्याच दिवशी तिकडे मिलवॉकीत सिनसिनाटीचे रेड्सही हरले, दोघंही ८३-७९ वर (८३ जिंकल्या, ७९ हरल्या) येऊन अडकले आणि नॅशनल लीगची प्लेऑफमधली शेवटची वाइल्ड कार्ड जागा सिनसिनाटीला गेली, का तर सीझनमधल्या दोघांच्या आपापसातल्या सहा मॅचपैकी चार रेड्सनी मारल्या होत्या. झालं, तेव्हापासून लोकांनी जो गळा काढलाय तो थांबायचं नाव नाही. न्यू जर्सीकडची आपली मेट्सभक्त मराठी मंडळीही त्यात मागे नाहीत. "१६२ मॅच खेळायच्या आणि निकाल एक्सेल शीटवर लावायचा? १६३वी मॅच परत आणा!" समोरून उत्तर येतं, "नियम आधीपासून माहीत होता ना, मग आता रडताय कशाला?" बस, वाद एवढ्यातच गोल गोल फिरतोय. एक बाजू रोमान्स विकते, दुसरी नियमपुस्तक तोंडावर फेकते आणि मूळ दुखणं कुठंय हे दोघंही बघत नाहीत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपापसातल्या मॅचेसवरून टाय सोडवणं हा सध्याच्या पद्धतीतला सगळ्यात शहाणा भाग आहे, त्याला हात लावू नका. खरा घोळ त्याच्या आधीच्या पायरीवर आहे, सीडिंगमध्ये, म्हणजे प्लेऑफला गेलेल्या टीमना नंबर देण्यात, जिथे डिव्हिजन (लीगमधला गट) जिंकली एवढ्यावर एखाद्या टीमला पहिल्या तिनात बसवतात, मग तिचा रेकॉर्ड काही का असेना. १६३व्या मॅचची मागणी म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

ज्यांना ही भानगड नीट माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. मेजर लीगमध्ये दोन लीग, नॅशनल आणि अमेरिकन, प्रत्येकीत पंधरा टीम, पाच-पाचच्या तीन डिव्हिजन. २०२२ पासून प्रत्येक लीगमधून सहा टीम प्लेऑफला जातात. तीन डिव्हिजन विजेते १, २, ३ नंबरवर, उरलेल्यांतले सगळ्यात चांगले तिघं, म्हणजे वाइल्ड कार्डवाले, ४, ५, ६ वर. पहिल्या दोघांना बाय, म्हणजे ते थेट दुसऱ्या राउंडला. बाकी चौघं वाइल्ड कार्ड राउंडला बेस्ट ऑफ थ्री खेळतात, ३ विरुद्ध ६ आणि ४ विरुद्ध ५, आणि तिन्ही मॅच वरच्या नंबरवाल्याच्या घरी. टाय झाला तर आधी आपापसातला रेकॉर्ड बघायचा, तिथेही बरोबरी असेल तर आपापल्या डिव्हिजनमधला, मग त्याच लीगच्या बाकी डिव्हिजनविरुद्धचा, मग लीगमधल्या मॅचेसच्या उत्तरार्धातला, आणि तरी नाही सुटलं तर एकेक मॅच मागे मागे जायचं. २०२१ पर्यंत मात्र जागा किंवा डिव्हिजन अशी अडली की एक जादा मॅच खेळवायचे, तीच ही १६३वी.

आता समोरच्यांचं जे खरंच वजनदार आहे ते मान्य करतो. थरार, पहिली गोष्ट. १९७८ ला फेनवे पार्कवर बकी डेंटचा होमरन (आपल्या सिक्ससारखा मैदानाबाहेरचा फटका), २००७ ला रॉकीज आणि पाद्रेजची १३ इनिंग चाललेली ९-८, २००९ ला ट्विन्स आणि टायगर्सची १२ इनिंगची ६-५, असल्या मॅच कुठलंही कोष्टक देऊ शकत नाही. दुसरं, सहा मॅच म्हणजे फार तुटपुंजा नमुना आहे. त्या कधी पडल्या, तेव्हा तुमचा सगळ्यात भारी पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, दुखापतीत होता का, समोरची टीम तेव्हा फॉर्मात होती का, हे सगळं निव्वळ नशीब. तिसरं म्हणजे वेळ नाही ही सबब २०२५ मध्ये तरी चालत नाही, कारण रविवारी सीझन संपला आणि वाइल्ड कार्ड मंगळवारी सुरू झालं, मधला सोमवार मोकळाच होता. त्या सोमवारी एक नाही, तीन मॅच झाल्या असत्या! मेट्स-रेड्स, शिवाय डिव्हिजनसाठी ९४-६८ वर अडकलेले यांकीज आणि ब्लू जेज, शिवाय शेवटच्या जागेसाठी ८७-७५ वर अडकलेले टायगर्स आणि ॲस्ट्रोज. बेसबॉलवर जीव असलेल्या माणसाला हे वाचून कसंतरी होणारच, मलाही झालं.

पण थरार आणि न्याय ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना? १६३व्या मॅचभोवती जे तेजोवलय आहे ते जरा पुसून बघू. सगळ्यात जास्त नाव घेतात ते १९५१ चं, बॉबी थॉमसनचा होमरन, जायंट्सनी डॉजर्सना हरवलं ती. ती मुळात १६३वी नव्हतीच, तेव्हा सीझन १५४ मॅचचा होता आणि नॅशनल लीग टाय झाला की बेस्ट ऑफ थ्री खेळवायची, म्हणजे हिशोबाने ती १५७वी. आणि पन्नास वर्षांनी, २००१ मध्ये, उघड झालं की त्या सीझनला जायंट्स आपल्या मैदानावर सेंटर फील्डमधल्या क्लबहाउसातून दुर्बिणीने समोरचा कॅचर आपल्या पिचरला कुठला बॉल टाकायचा त्या खुणा करतो त्या चोरत होते. म्हणजे टाय होईपर्यंत ते पोचलेच त्या दुर्बिणीच्या जोरावर का, हा प्रश्न त्या होमरनला कायमचा चिकटला. २००७ च्या त्या १३व्या इनिंगमध्ये रॉकीजच्या मॅट हॉलिडेने जिंकणारा रन घेताना होम प्लेटला (रन पुरा होतो ती जागा) हात लावला की नाही हे पाद्रेजच्या सॅन डिएगोतल्या माणसाला आजही विचारून बघा, तासभर ऐकून घ्यावं लागेल. असल्या निर्णयांसाठी व्हिडिओ रिप्ले आला तो २०१४ मध्ये. सहा महिन्यांचा हिशोब एका अंपायरच्या एका नजरेवर.

आणि माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण २००८ चं आहे, ज्याचं नाव ही रोमान्सवाली मंडळी घेतात खरी पण अर्धंच सांगतात. व्हाइट सॉक्स आणि ट्विन्स ८८-७४ वर टाय झाले, व्हाइट सॉक्सच्या घरी, शिकागोत, जादा मॅच झाली, जिम टोमीचा एक होमरन, जॉन डँक्सची आठ इनिंग, केन ग्रिफी ज्युनियरने सेंटर फील्डमधून थ्रो करून ट्विन्सच्या मायकल कडायरला होम प्लेटवर आउट केलं, १-० ने व्हाइट सॉक्स डिव्हिजन चॅम्पियन. जबरदस्त मॅच, वादच नाही. पण ती शिकागोत का झाली? त्या सीझनला आपापसात ट्विन्स १०-८ ने पुढे होते. तरी मॅच शिकागोत, कारण कोणाच्या घरी खेळायचं हे तेव्हा नाणं उडवून ठरवायचे! अठरा मॅच खेळून ट्विन्सनी जे कमावलं ते एका नाण्याने धुऊन टाकलं. पुढच्या वर्षीपासून नियम बदलला, आपापसात जो पुढे त्याच्या घरी मॅच, आणि २००९ ची ती १२ इनिंगची मॅच त्यामुळेच ट्विन्सच्या घरी, मिनेसोटात झाली. म्हणजे बघा, ज्या काळात १६३वी मॅच खेळत होते त्या काळातही शेवटी आपापसातल्या रेकॉर्डकडेच यावं लागलं.

बरं, सहा मॅचचा नमुना छोटा, मान्य, पण मग एका मॅचचा नमुना त्याहून मोठा कसा काय झाला? हा प्रश्न विचारला की समोर शांतता पसरते. आणि आपापसातल्या मॅच म्हणजे कागद असं म्हणणाऱ्यांनी २०२२ आठवावं. सप्टेंबरच्या शेवटी मेट्स एका मॅचची आघाडी घेऊन अटलांटाला ब्रेव्हजकडे गेले, आपापसात ९-७ ने पुढे होते, तीनपैकी फक्त एक जिंकायची होती की डिव्हिजनचा टायब्रेकर त्यांचा. पिचर म्हणून डिग्रॉम गेला, हरले. शर्झर गेला, हरले. बॅसिट गेला, हरले. दोघंही १०१-६१ वर संपले, आपापसात ब्रेव्हज १०-९, डिव्हिजन ब्रेव्हजची. ह्यात कागद कुठे आहे? भरल्या मैदानात, दोन्ही टीमना काय पणाला लागलंय ते पक्कं माहीत असताना, तीन दिवस चाललेली १६३वी मॅचच होती ती, फक्त नावाची पाटी नव्हती. आणि २०२५ चे मेट्स? जूनच्या मध्यावर ४५-२४, सगळ्या बेसबॉलमध्ये सगळ्यात पुढे, आणि तिथून ३८-५५. त्यांना रेड्सनी नाही हरवलं, टायब्रेकरने तर नाहीच नाही.

जादा मॅचची किंमत कोण मोजतं हेही कोणी बोलत नाही. त्या काल्पनिक सोमवारी टायगर्सना ॲस्ट्रोजविरुद्ध जीव वाचवायचा असता तर त्यांनी आपला पिचर तरिक स्कुबलला बाहेर ठेवलं असतं का? शक्यच नाही. मग मंगळवारी क्लीव्हलंडविरुद्ध ज्याने १४ जणांना स्ट्राइकआउट करून २-१ ने मॅच काढून दिली तो तिथे नसता, कारण एकदा टाकल्यावर असल्या पिचरला काही दिवस विश्रांती लागते. म्हणजे टाय दोघांचा आणि फायदा तिसऱ्याला, जो टायमध्ये नव्हताच. यांकीज-ब्लू जेजमध्ये जो हरला असता तो दुसऱ्याच दिवशी दमलेले पिचर घेऊन रेड सॉक्ससमोर, आणि रेड सॉक्स सोमवारी पाय पसरून टीव्हीवर मॅच बघणार. हा न्याय का?

२०२४ चं उदाहरण मात्र मला खरंच टोचतं, ते टाळून पुढे जाता येणार नाही. हेलीन वादळामुळे मेट्स-ब्रेव्हजच्या दोन मॅच राहिल्या होत्या, त्या सीझन संपल्यावर सोमवारी ३० सप्टेंबरला अटलांटात एकाच दिवशी लागोपाठ खेळवल्या. ॲरिझोनाच्या डायमंडबॅक्सचा सीझन आदल्या दिवशीच संपलेला, ते ८९-७३ वर घरी बसलेले. दोनपैकी दोन्ही एकाच टीमने जिंकल्या तर हे आत, एकेक वाटून गेली तर हे बाहेर. पहिली मेट्सनी ८-७ ने जिंकली, नवव्या इनिंगमध्ये लिंडोरचा होमरन, आणि त्याच क्षणी मेट्सची जागा पक्की झाली. मग दुसरी मॅच त्यांनी कशाला जीव तोडून खेळावी? मोठे खेळाडू बसवले, ब्रेव्हजनी ३-० ने घेतली, तिघंही ८९-७३, टायब्रेकरवर डायमंडबॅक्स बाहेर. ॲरिझोनातला माणूस चिडला तर त्याचं चुकलं नाही. पण चूक कुठली होती? वादळ येतंय हे माहीत असून मॅच आधी उरकल्या नाहीत ही. टायब्रेकरने फक्त झालेल्या मॅच मोजल्या. आणि जुन्या नियमाने तिघांत दोन जागा वाटायच्या म्हणजे आणखी दोन मॅच, आणखी दोन दिवस, दुसऱ्याच दिवशी वाइल्ड कार्ड सुरू व्हायचं असताना.

ह्या सगळ्यात आपल्या क्रिकेटवाल्या लोकांची एक सूचना हमखास येते, नेट रन रेटसारखं काहीतरी लावा, रन्सचा फरक बघा. नको रे बाबा! बेसबॉलमध्ये घरची टीम पुढे असेल तर नवव्या इनिंगचा तिचा डाव खेळतच नाहीत, म्हणजे जिंकणाऱ्याची बॅटिंगच कापली जाते. मॅच हाताबाहेर गेली की पिचर वाचवायला कोणीतरी फील्डर बॉल टाकायला उभा राहतो आणि समोरचे पाच-सहा रन फुकट लुटतात. जादा इनिंगमध्ये सेकंड बेसवर आयता रनर उभा करून देतात. ह्या रन्सवर सीझनचा निकाल? आपल्याकडे २०१४ ला वानखेडेवर काय झालं ते आठवा. मुंबई इंडियन्सना राजस्थानविरुद्ध १४.३ ओव्हरमध्ये १९० हवे होते, तेवढ्या बॉलमध्ये १८९ झाले, राजस्थानवाल्यांना वाटलं सुटलो, आणि मग कळलं की पुढच्या बॉलला बाउंड्री गेली तरी रन रेटमध्ये मुंबई पुढे. आदित्य तरेने फॉकनरला सिक्स मारला. मुंबईकर म्हणून मी तो सिक्स कधीही परत बघेन, पण दोन्ही टीम मैदानात उभ्या आणि कितीत किती हवेत ते मधेच कळतंय, ही काय पद्धत झाली?

आता मूळ दुखण्याकडे येतो. २०२५ च्या अमेरिकन लीगमध्ये यांकीज आणि ब्लू जेज दोघंही ९४-६८. आपापसात टोरांटोचे ब्लू जेज ८-५, म्हणून टोरांटो पुढे. इथवर एकदम ठीक. पण टाय हरलेली टीम कितव्या नंबरवर जायला हवी? साधा माणूस म्हणेल दुसऱ्या. यांकीज गेले चौथ्यावर! ९० जिंकलेले मरिनर्स दुसरे, त्यांना बाय. ८८ जिंकलेले गार्डियन्स तिसरे. यांकीज पहिला राउंड जिंकून पुढे गेले ते वेगळं, पण एका टायब्रेकरने त्यांना तीन पायऱ्या खाली ढकललं. २०२३ ला ॲस्ट्रोज आणि रेंजर्स दोघंही ९०-७२, आपापसात ॲस्ट्रोज ९-४, तर ॲस्ट्रोज दुसरे आणि बाय, रेंजर्स पाचवे आणि परगावी. त्याच वर्षी टँपाचे रेज ९९ जिंकून चौथे आणि मिनेसोटाचे ट्विन्स ८७ जिंकून तिसरे. बारा मॅचचा फरक, तोही उलटा! लोक टायब्रेकर क्रूर आहे म्हणतात. तो क्रूर नाही हो, तो फक्त धक्का देतो, खाली खड्डा सीडिंगने खणून ठेवलाय.

उपाय सरळ आहे आणि दुसऱ्या खेळात करून झालाय. डिव्हिजन जिंकलीत, तुमची प्लेऑफची जागा पक्की, झेंडा लावा, शँपेन उडवा. पण १ ते ६ नंबर मात्र जिंकलेल्या मॅच मोजून. बास्केटबॉलच्या एनबीएने २०१५ मध्ये डिव्हिजन विजेत्यांना वरचा नंबर देणं बंदच करून टाकलं, आभाळ कोसळलं नाही. असं केलं तर २०२५ ला यांकीज दुसरे, २०२३ ला रेज दुसरे आणि ॲस्ट्रोज-रेंजर्स तिसरे-चौथे, म्हणजे टाय हरल्याची शिक्षा एक पायरी. २०२२ च्या मेट्सना तरीही बाय मिळाला नसता हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, ते तिसरे झाले असते, पण दोघांत बाय एकालाच मिळणार असेल तर तो अटलांटाला मिळणं बरोबरच होतं.

ह्यावर एक आक्षेप येतो तो खरा तगडा आहे. डिव्हिजनमधल्या टीमशी जास्त मॅच होतात, मग दोन वेगळ्या डिव्हिजनमधल्या टीमचे रेकॉर्ड तुलना करण्यासारखे कुठे राहतात? २०२२ पर्यंत ह्यात दम होता, तेव्हा डिव्हिजनमधल्या प्रत्येकाशी १९ मॅच, म्हणजे १६२ पैकी ७६. २०२३ पासून त्या १३ झाल्या, म्हणजे ५२, आणि आता प्रत्येक टीम बाकीच्या सगळ्या २९ टीमशी खेळते. रेकॉर्ड आज जितके तुलना करण्यासारखे आहेत तितके पूर्वी नव्हते. आणि हा आक्षेप नीट ताणला तर तो उलटाच फिरतो. कडक डिव्हिजनमध्ये ९९ जिंकून दुसरा आलेला रेज, आणि पोकळ डिव्हिजनमध्ये ८७ जिंकून पहिला आलेला ट्विन्स, शेड्यूल कोणाचं अवघड होतं? मग शेड्यूलच्या नावाने ट्विन्सना वर कसं बसवता?

दुसरा युक्तिवाद म्हणजे नंबरला एवढं काय महत्त्व, २०२३ ला तेच पाचवे रेंजर्स वर्ल्ड सिरीज जिंकले, परगावच्या अकराच्या अकरा मॅच जिंकून, आणि फायनलला समोर ८४-७८ वाले सहावे डायमंडबॅक्स. बायमुळे टीम गंजते असंही म्हणतात. २०२२ ते २०२५ मध्ये बाय मिळालेल्या १६ टीमपैकी आपली पहिली सिरीज ९ जिंकल्या, ७ हरल्या, म्हणजे छापा-काटाच्या जवळपास, खरंय. पण बाय हेच मुळात एक राउंड न खेळता पार केल्याचं बक्षीस आहे. त्याच चार वर्षांत चौथ्या नंबरच्या आठ टीमपैकी चार घरच्या मैदानावर बेस्ट ऑफ थ्रीमध्येच आटोपल्या, त्यात १०१ वाले मेट्स आणि ९९ वाले रेजसुद्धा. आयपीएलमध्ये पहिल्या दोघांना एक मॅच हरली तरी दुसरी संधी असते, इथे तसं काही नाही, इथे बाय एवढं एकच कवच आहे, म्हणून तरी ते लायक टीमला जायला हवं. कोणीतरी उलट्या लाटेत पोहून पलीकडे गेला म्हणून लाट योग्य ठरत नाही.

आणि डिव्हिजनची पवित्रता म्हणाल तर तिचा इतिहासही फार काही पवित्र नाही. १९६९ मध्ये डिव्हिजन आल्या, तेव्हा फक्त विजेताच पुढे जायचा, म्हणून तिला वजन होतं. १९९३ ला सॅन फ्रान्सिस्को जायंट्स १०३ जिंकून घरी बसले, कारण अटलांटाने १०४ जिंकल्या आणि अटलांटा तेव्हा, भूगोलाला हात जोडून, वेस्ट डिव्हिजनमध्ये होतं. १९८१ ला संपामुळे सीझनचे दोन तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याचा विजेता घेतला, तर ६६-४२, म्हणजे सगळ्या बेसबॉलमधला सगळ्यात चांगला रेकॉर्ड असलेले रेड्स, हो तेच सिनसिनाटीवाले, प्लेऑफलाच नाहीत. वाइल्ड कार्ड आलं ते असल्याच अन्यायावर मलम म्हणून. मग दार सहा जणांना उघडल्यावर आतल्या खुर्च्या मात्र जुन्याच मानपानाने वाटायच्या, ह्याला काय अर्थ आहे?

हे आत्ताच बोलायला हवं कारण पुढे प्रकरण आणखी बिघडणार आहे. खेळाडूंच्या युनियनसोबतचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय, आणि कमिशनर रॉब मॅनफ्रेड ३२ टीम करण्याबद्दल, डिव्हिजन नव्याने आखण्याबद्दल उघडपणे बोलत असतात. ३२ टीम म्हणजे प्रत्येक लीगमध्ये चार-चारच्या चार डिव्हिजन हा सगळ्यात सोपा हिशोब. आजचा नियम तसाच पुढे नेला तर पहिले चार नंबर डिव्हिजन विजेत्यांचे. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये नेमकं हेच आहे, आणि तिथे २०१० च्या सीझनला ७-९ वाल्या सिएटलने ११-५ वाल्या सेंट्सना आपल्या घरी बोलावून हरवलं, २०२४ ला १४-३ वाले व्हायकिंग्ज पाचवे ठरून १०-७ वाल्या रॅम्सचे पाहुणे झाले. तिथल्याच डेट्रॉइटच्या टीमने रेकॉर्डवर नंबर द्या असा ठराव आणला होता, तो २०२५ मध्ये मागे घ्यावा लागला. बेसबॉलमध्ये २००५ ला पाच टीमच्या डिव्हिजनमधून पाद्रेज ८२-८० वर चॅम्पियन निघाले होते, चारच्या डिव्हिजनमधून काय काय निघेल ते बघाच. आणि अशी एखादी टीम ९५ जिंकलेल्या टीमच्या वर जाऊन बसली, तिथे टायच नसेल, तर तेव्हा कुठली १६३वी मॅच खेळवणार?